हुर्यो हवी आहे

माझी खुर्ची त्या रात्री पहिल्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत रिकामी होती. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी सबंध वेळ तिच्याकडेच बघत होतो. स्टेजवरचं निम्मं दिसतच नव्हतं, मग बघायचं तरी काय?

झालं ते असं. एका नव्याकोऱ्या ऑपेराचा शुभारंभाचा प्रयोग होता, आणि तोही जागतिक! म्हणजे याआधी पृथ्वीच्या पाठीवर कुठेही न झालेला. (हल्ली नुसत्या शुभारंभावर भागत नाही. देशातला पहिला, खंडातला पहिला, सुधारित आवृत्तीचा पहिला, असे त्याचे पोटभेद असतात.) मी बऱ्याच आधी तिकीट काढून मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची पटकावली होती. एक पाय तरी सरळ ठेवता येतो, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. दारावर तिकीट स्कॅन केलं तर यंत्र वेगळंच काहीतरी वाजलं आणि काळ्या कोटातले एक साहेब कमालीच्या सौजन्यानं पुढे आले. त्या सौजन्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी काढून घेतलं जाणार आहे.

"आपली जागा बदलली आहे. त्या खुर्चीवर संगीतकार बसणार आहेत. शेवटी टाळ्यांच्या वेळी त्यांना चटकन स्टेजवर जाता आलं पाहिजे ना!"

आता यावर काय बोलणार? संगीतकारानं पाच वर्षं खपून ऑपेरा लिहिला, मी फक्त तिकीट काढलं. साहेबांनी मला बाल्कनीच्या पोटाखाली, शेवटून दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं आणि म्हणाले, "इथे आवाज फार सुंदर येतो." जिथून काही दिसत नाही त्या प्रत्येक खुर्चीबद्दल थिएटरवाले हे वाक्य म्हणतात.

अडचण दिसण्यापुरतीच असती तरी एक वेळ चाललं असतं. ऑपेरात गाण्याचे शब्द स्टेजच्या माथ्यावरच्या पट्टीत झळकतात. ही सोय पहिल्यांदा १९८३ साली टोरांटोत 'इलेक्ट्रा'च्या प्रयोगाला झाली, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती म्हणे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं १९९५ मध्ये त्यावर कडी करून खुर्च्यांच्या पाठीवरच छोट्या पट्ट्या बसवल्या. आमच्याकडे पट्टी वरतीच होती, आणि बाल्कनीचं पोट ती बरोबर कापत होतं. अक्षरांचे तळ तेवढे दिसायचे. जुना, ओळखीचा ऑपेरा असता तर निभावलं असतं. पण ज्याची गोष्ट जगात अजून कोणालाच ठाऊक नाही, तो मी अक्षरांच्या पायांवरून ओळखायचा?

शेजारच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, गळ्यात दुर्बीण, मांडीवर रबरबँड लावलेली जाडजूड वही. मी टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "तुम्हाला हलवलं का?"

"हो. तुम्हालाही?"

"छे! मी हीच जागा मागून घेते. इथून प्रेक्षक दिसतात."

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पडदा बंद असतानाच समोरच्या पाठमोऱ्या माना एकेक करून तपासायला सुरुवात केली. मग खिन्नपणे म्हणाल्या, "सगळी नातेवाईक मंडळी आहेत. आज काही होणार नाही."

"काय व्हायला हवं होतं?"

बाई माझ्याकडे पूर्ण वळल्या. आपल्याला हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्या वर्षानुवर्षं थांबल्या असाव्यात. म्हणाल्या, "मी फक्त शुभारंभाचे प्रयोग बघते. दुसरा कधीच नाही. आणि शुभारंभ बघते तो पडावा म्हणून."

मग त्यांनी वही उघडली. बाईंचा सिद्धांत साधा होता. जो ऑपेरा पहिल्या रात्री आपटतो तो अमर होतो. 'बार्बर ऑफ सेव्हिल', रोम, १८१६. नायकाच्या गिटारची तार तुटली, बझिलिओचं काम करणारा धडपडला आणि नाकातून रक्त गाळत गायला, आणि रंगात आलेल्या प्रवेशात स्टेजवर मांजर आलं. लोकांनी म्याँव म्याँव करून थिएटर डोक्यावर घेतलं. 'ला त्राव्हियाता', व्हेनिस, १८५३. क्षयानं खंगून मरणारी नायिका अंगानं चांगली भरलेली, त्यामुळे ती मरायला टेकली तसे लोक हसायला लागले. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीनं पत्रात लिहिलं की सपशेल आपटला, दोष माझा की गायकांचा ते काळ ठरवील. 'मादाम बटरफ्लाय', मिलान, १९०४. पहाटेच्या प्रवेशात पाखरं बोलली तर प्रेक्षकांतून उलट पाखरं बोलली, कोंबडे आरवले. पुचिनीनं एकाच प्रयोगानंतर ऑपेरा मागे घेतला, दुरुस्त केला, आणि मे महिन्यात ब्रेशा शहरात तोच डोक्यावर घेतला गेला.

"तुम्ही मांजराच्या आशेवर येता?" मी विचारलं.

"मांजराची आशा मी सोडली. निदान हुर्यो तरी!"

मी म्हटलं, अहो, पण आपटून कायमचे गेले असेही हजारो असतील. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "ते वहीत लिहीत नाही."

एवढ्यात अंधार झाला. माझी खुर्ची रिकामी. मला वाटलं, येतील. कलावंत माणूस, उशीर व्हायचाच. पडदा वर गेला तरी रिकामी. बाईंच्या कानाशी लागून मी विचारलं, तर त्या कुजबुजल्या, "संगीतकार शुभारंभाला बसतात कुठे? घाबरलेले असतात. मागे उभे राहतात नाहीतर गल्लीत येरझाऱ्या घालतात. इतक्या वर्षांत मी एकही बसलेला पाहिला नाही."

हे त्या काळ्या कोटाला माहीत नव्हतं? तो रोज तिथे असतो!

या सगळ्याचं एक पत्र मी थिएटरला पाठवलं. उत्तर काल आलं. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी अमूल्य आहे आणि सोबत एक प्रश्नावली जोडली आहे. पहिला प्रश्न: आपल्या खुर्चीतून रंगमंच कसा दिसला? खुर्चीचा क्रमांक त्यांनी आधीच भरून ठेवलाय, जुना! तिथून रंगमंच कसा दिसला हे आता संगीतकारालाही सांगता येणार नाही. तारे एक ते पाच. मी फॉर्म तसाच ठेवून दिलाय.

आता ऑपेराविषयी. खालच्या खड्ड्यात वाद्यवृंद होता. सुरुवातीला ट्रॉम्बोनवाले नुसतेच फुंकत होते, नळाला पाणी यायच्या आधी हवा घरघरते तसे. एक जण दोन दगड एकमेकांवर घासत होता, आणि ते काम तो इतक्या निष्ठेनं करत होता की माझं लक्ष वारंवार त्याच्याकडेच जात होतं. स्टेजवर पांढऱ्या कपड्यांतली एक भरदार आवाजाची बाई जागची हलत नव्हती. तिच्यासमोर एक माणूस हातात कागद घेऊन तिला काहीतरी समजावत होता. मागे वीस-पंचवीस माणसं आळीपाळीनं जमिनीवर आडवी होत होती. मी आपली गोष्ट जुळवली. नवराबायकोचं फाटलंय, तो घराचे कागद घेऊन आलाय, ती घर सोडायला तयार नाही आणि मागे तिच्या माहेरची माणसं खचत चालली आहेत. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं. एका ठिकाणी ती इतक्या खालच्या सुरात, इतका वेळ, श्वास न घेता गायली की दगड घासणारासुद्धा थांबला. त्या क्षणी मी खुर्चीही विसरलो होतो.

मध्यंतरात बाईंनी सांगितलं की ती हिमनदी होती.

"आणि तो?"

"हवामानशास्त्रज्ञ. मागचे सगळे म्हणजे वितळलेलं पाणी."

माझी गोष्ट काही वाईट नव्हती, असं मला अजूनही वाटतं. तसा नव्या ऑपेराला विषय वर्ज्य नाही. निक्सनच्या चीनभेटीवर १९८७ साली ह्यूस्टनला झाला, स्टीव्ह जॉब्जवर २०१७ साली सँटा फेला, ड्रोन उडवणाऱ्या वैमानिक बाईवर २०२३ साली वॉशिंग्टनला. थॉमस अडेसच्या एका ऑपेरात तर पाहुणे जेवायला येतात आणि कोणालाच निघता येत नाही, त्यात खऱ्या मेंढ्या स्टेजवर आणल्या. श्टॉकहाउझेननं चार वादकांना चार हेलिकॉप्टरांत बसवून आकाशातून वाजवायला लावलं. हा तुकडा ज्या ऑपेरातला, तो सबंध ऑपेरा २०१२ साली बर्मिंगहॅमला झाला, तेव्हा बाई हजर होत्या. "हेलिकॉप्टरं सुखरूप उतरली," त्या म्हणाल्या. सूर तक्रारीचा होता.

मग त्यांनी मला कुठला म्हणून विचारलं, आणि मी नको ते उत्तर दिलं. खरं ते.

"भारत! म्हणजे 'सत्याग्रह' तुम्हाला संपूर्ण कळला असेल!"

फिलिप ग्लासचा हा ऑपेरा गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या दिवसांवर आहे, १९८० साली रॉटरडॅमला झाला, आणि सगळा संस्कृतात गायला जातो. शब्द भगवद्गीतेचे. मी म्हटलं, बाई, संस्कृत मी मार्कांसाठी घेतलं होतं. त्यांना ते विनय वाटला. त्यांनी तिथेच, आजूबाजूला दहा माणसं असताना, मला गीतेतलं काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. मी एक श्लोक म्हटला. दुसऱ्या ओळीत अडकलो. बाईंनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्यांनीही वाजवल्या. काय वाजवतोय हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

आणि नेमकं तिथेच माझं डोकं फिरतं. हल्ली सगळ्याला टाळ्या. पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकात टाळ्यांसाठी पगारी माणसं असत. त्यांचा म्होरक्या तालमींना बसायचा आणि कुठे किती वाजवायचं ते ठरवायचा. हसणारे वेगळे, रुमाल घेऊन रडणाऱ्या बायका वेगळ्या, 'वन्स मोअर' ओरडणारे वेगळे. निदान तो धंदा तरी होता. आता आपण तिकिटाचे पैसे भरून तेच काम करतो. आणि सगळे उभे राहून टाळ्या देतात त्या ऑपेराचं पुढे काय होतं? चार-पाच प्रयोग, मग कपाट. पहिला प्रयोग ही बातमी असते, मंत्री येतात, देणगीदारांची नावं छापली जातात. दुसऱ्या थिएटरनं तोच ऑपेरा उचलावा तर त्यात 'जागतिक' काय उरलं? म्हणून ते दुसरा नवा लिहून घेतात, त्याचाही शुभारंभ करतात आणि त्याचंही कपाट बघून ठेवतात. काही सुटतात, सारिआहोचा 'ल'आमूर द ल्वाँ' २००० साली साल्झबुर्गला झाला, तो २०१६ साली मेट्रोपॉलिटनला पोचला. बाकीच्यांसाठी कोण धावतं? हिमनदी गाणाऱ्या त्या बाईनं तो सूर कमवायला किती महिने घातले असतील, आणि तो तिला जन्मात पाच वेळा लावायला मिळणार.

उत्तरार्धात हिमनदी वितळली. खुर्ची रिकामीच. एकदा मी उठून तिकडे जाऊ लागलो तर काळ्या कोटानं अंधारातून हात आडवा केला. "राखीव आहे," तो म्हणाला. तुमच्याच नावावर होती, असं म्हणण्याइतकी तरी लाज हवी होती.

संपल्यावर आधी शांतता, मग टाळ्या, मग नेहमीप्रमाणे सगळे उभे. आता मला स्टेजचा उरलेला भागही दिसेना. बाई मात्र बसूनच होत्या. "पुन्हा तेच," म्हणाल्या आणि एकदम माझा दंड धरला. "तुम्हाला राग आलाय ना? तो असा वाया घालवू नका."

"अहो, संगीत चांगलं होतं."

"मी संगीताचं विचारलं का?"

तेवढ्यात समोरच्या दोन खांद्यांमधून मला संगीतकार दिसला. किडकिडीत, घाबरलेला, हात कुठे ठेवावेत ते न सुचणारा. तो आला स्टेजच्या विंगेतून. मधल्या वाटेनं नव्हे, त्या खुर्चीच्या बाजूनं तर नव्हेच. आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो लांबलचक, घसा खरवडून आलेला आणि निर्विवाद हुर्यो होता. टाळ्यांच्या कडकडाटात तो पुढच्या एका रांगेपलीकडे गेला नसेल. पुढचा गृहस्थ मागे वळला, मला आपादमस्तक न्याहाळून पुन्हा टाळ्या वाजवू लागला.

बाईंचा चेहरा उजळला होता. त्यांनी वही उघडली, तारीख घातली, खाली लिहिलं, "निषेध: एक", आणि माझ्या नावाची अक्षरं नीट सांगायला लावली.

"हे बघा," मी घाईघाईनं म्हटलं, "ते ऑपेराला नव्हतं. माझं भांडण खुर्चीवरून आहे. तसं लिहा."

"१८६१ साली पॅरिसला वाग्नरचा 'टानहॉयझर' पाडला," बाई वहीला रबरबँड लावत म्हणाल्या. "जॉकी क्लबची बडी मंडळी कुत्र्यांना बोलवायच्या शिट्ट्या घेऊन आली होती. तिसऱ्या प्रयोगानंतर बंद. त्यांची तक्रार काय होती? संगीत? छे! ते जेवून उशिरा यायचे आणि त्यानं नाच पहिल्याच अंकात उरकला होता."

एवढं बोलून त्या गर्दी व्हायच्या आत निघून गेल्या.