फोनची पिन बसते म्हणून फोन चालत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फायबरवाले उगाच जादा डबा गळ्यात मारतात. जुना फोन आणि फॅक्स राउटरच्या कुठल्याही लॅन पोर्टला लावा, लाइट गेली तरी चालेल. नाहीच चालला तर जुनी लँडलाइनची वायर राउटरमध्ये खोचा. फॅक्स फायबरवर चालतच नाही, मशीन भंगारात द्या.’ फॅक्स लावायचाही आणि भंगारातही घालायचा! हळदीची अडत असलेल्या माझ्या काकांनी हे वाचून राउटरमागे हात घातला, म्हणून लिहावं लागतंय.

फोनची पिन लॅन पोर्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरची वायर लावायच्या खाचेत शिरते, मान्य. अरुंद आहे, म्हणून शिरते. पण डायल टोन, लाइनचा करंट, घंटी, यातलं काहीच तिथे नसतं. ते सगळं ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेल्या पोर्टवर मिळतं. तसं पोर्ट नसेल तर जुना फोन राउटरला जोडणारा एटीए नावाचा छोटा अडॅप्टर घ्यावा लागतो. मेसेजमधला ‘जादा डबा’ तो हाच.

खरा घात आहे तो जुनी वायर खोचण्यात. एक्स्चेंजकडून येणाऱ्या तांब्याच्या जोडीवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतात. लॅन पोर्ट यासाठी बनवलेलंच नाही. तुम्ही वायर खोचून निवांत बसाल, आणि कुणाचा तरी फोन आला की पोर्ट जळू शकतं. टेल पोर्टलाही ही चालू लाइन लावायची नाही, कारण ते पोर्ट स्वतःच करंट सोडतं. दुकानातल्या जुन्या वायरिंगवरच फोन हवे असतील तर बाहेरून येणारी जोडी आधी लाइनमनकडून सोडवून घ्या. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने निदान गप्प बसायचं!

लाइट गेल्यावर जुना फोन चालायचा तो एक्स्चेंजच्या बॅटरीवर. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि फायबरचा डबा किंवा एटीए वेगळा असेल तर त्यालाही, विषय संपला.

फॅक्सचं मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. इंटरनेटवरून आवाज पाठवायची जी.७२९ सारखी पद्धत तो सेकंदाला ८ किलोबिटमध्ये दाबते. बोलणं समजतं, फॅक्सचे सूर मात्र पार मोडतात. पण म्हणून मशीन भंगारात? आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेने नेमका यासाठीच टी.३८ हा मानक १९९८ मध्येच आणलाय. त्यात फॅक्सचा आवाज पाठवतच नाहीत, मजकूर डेटा म्हणून जातो. काकांच्या इरोडच्या व्यापाऱ्याला सौद्याचा कागद अजून फॅक्सनेच लागतो, तेव्हा कंपनीला एवढंच विचारा: टी.३८ चालू आहे का? नसेल तर जी.७११ ही आवाज असा न दाबणारी पद्धत द्या म्हणावं, आणि मशीनचा वेग सेकंदाला १४४०० बिटवरून ९६०० वर आणा. ‘टी.३८ म्हणजे काय?’ असं कस्टमर केअरनेच उलट विचारलं, तर त्याच्या वरच्या माणसाला फोनवर बोलवा.