२००६ चा डेमो म्हणजे तयार गेम नव्हे

‘इंडियाना जोन्स अँड द स्टाफ ऑफ किंग्ज’ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास शेअर होते: लुकासआर्ट्स या गेम कंपनीकडे प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलसाठीचा गेम तयार होता, इंडियाना जोन्सचा २००८ चा चित्रपट आपटला म्हणून तो गुंडाळला, आणि त्याचंच ग्राफिक्स उतरवून निन्टेंडोच्या ‘वी’ कन्सोलवर खपवला. यातलं खरं एवढंच, की त्या दोन कन्सोलवर हा गेम कधी आला नाही.

चित्रपट आपटलाच नव्हता. जगभरात त्याने ७५ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. शिवाय त्याची गोष्ट १९५७ मधली. गेमची १९३९ मधली, बायबलमधल्या मोझेसच्या काठीच्या शोधाची. दोन्हींत नायक तोच, बाकी संबंध नाही.

आता ‘तयार’ या शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लोकांच्या डोक्यात बसलेली दृश्यं २००६ च्या ई३ या गेम प्रदर्शनातली आहेत. तिथे मुख्यतः दाखवलं गेलं ते नॅचरलमोशन कंपनीचं ‘युफोरिया’ तंत्र. एरवी ठोसा बसला की पात्र आधीच बनवून ठेवलेल्या हालचालीप्रमाणे कोसळतं. युफोरियात स्नायूंचं आणि तोलाचं गणित त्या क्षणी मांडलं जातं: ढकललं तर पात्र पाय सावरतं, हात पुढे करतं, हाताला लागेल ते धरतं. तोच माणूस दोनदा सारखा पडत नाही. छोट्या डेमोत हे पाहून डोळे दिपतात, माझेही दिपले होते. पण शत्रू कुठे जाऊन पडेल हेच ठरलेलं नसेल, तर गेम बांधणाऱ्याला प्रत्येक छप्पर, प्रत्येक जिना पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. डेमोपासून डिस्कपर्यंतचं हे काम फार मोठं असतं, आणि ते पुरं झालेला, त्या दोन कन्सोलसाठीचा इंडियाना जोन्सचा गेम आजवर कुणी समोर आणलेला नाही.

ते तंत्र वाया गेलं, हेही खोटं. सप्टेंबर २००८ मध्ये लुकासआर्ट्सचाच ‘स्टार वॉर्स: द फोर्स अनलीश्ड’ आला. त्यात स्टॉर्मट्रूपरला, म्हणजे शत्रूच्या सैनिकाला, हवेत उचलून बघा. तो हातपाय झाडतो, जवळच्या खोक्याला लटकतो, नाहीतर शेजारच्या सोबत्यालाच घट्ट धरतो. त्याच वर्षी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’नेही युफोरिया वापरलं.

मला सगळ्यात लागतं ते ‘उतरवलेलं ग्राफिक्स’. वीवरचा गेम मॉन्ट्रियलच्या आर्टिफिशियल माइंड अँड मूव्हमेंट या स्टुडिओने बनवला, आणि तो बेतला होता हातातल्या रिमोटवर: मनगट झटकलं की चाबूक सुटतो, हात पुढे फेकला की ठोसा. जून २००९ मध्ये तो आला तेव्हा समीक्षकांनी याच कंट्रोल्सवर बोट ठेवलं. ती टीका करायला हरकत नाही, कारण ती त्या स्टुडिओने केलेल्या कामावरची टीका आहे. दुसऱ्याचं उष्टं मात्र त्यांनी विकलं नाही.