एकेचाळीस नावे

आज मुलाच्या शाळेत पालकसभेला गेले होते. वर्गशिक्षिकेसमोर बसून मुलाचे नाव सांगितले, तर लॅपटॉपवरची नजर न उचलता त्यांनी विचारले, "रोल नंबर?" मी पुन्हा नाव सांगितले. त्यांनी पुन्हा नंबर विचारला. अखेर "सतरा" म्हटल्यावर पडद्यावर माझा मुलगा उगवला. गणित 'ब', उपस्थिती ९२ टक्के. दिवाळीची सुट्टी संपून पोरे दुसऱ्या सत्राला लागली, तरी सतरा म्हणजे कोण, हे त्या बाईंना ठाऊक नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालताना मात्र हीच शाळा सर्वांत पुढे असते.

कर्वे रस्त्याच्या कोंडीत अडकले असताना मला एकसारखी आजी आठवत होती. ती ३६ वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. १९६१ च्या जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती नदीकाठच्या एका शाळेत रुजू झाली आणि १२ जुलैला पानशेत फुटले. बांधकाम पुरते न झालेले ते धरण सकाळी गेले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार अशा पेठांमध्ये शिरले. आजीचे माहेर नाना पेठेत असल्यामुळे बचावले. शाळेतल्या हजेरीपटाचा मात्र लगदा झाला होता. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तिने पणजोबांच्या दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून वर्गातली ४१ नावे, आडनावांसकट आणि हजेरीच्या क्रमाने, आठवून लिहून काढली. नोकरीला तेव्हा जेमतेम महिना झाला होता! दुसऱ्या दिवसापासून ती वही घेऊन, चिखल तुडवत, आपली पोरे शोधत फिरली.

आजच्या शिक्षकांना निवडणुकीच्या कामापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत शंभर कामे असतात, हे मला कळते. पुढे आजीनेही जनगणनेसाठी दारोदार फिरून घरे मोजली होती, पण तो मुद्दा सोडून देऊ. आजी काही देवी नव्हती, हेही लिहायला हवे. तिच्या लाकडी पट्टीचा मार खाल्लेले लोक आजही तळहात चोळत ती आठवण सांगतात. वर्गातल्या पोराच्या धाकट्या बहिणीचे नावही तिला पाठ असे, पण माझे बाबा त्या वर्षी कितवीत आहेत हे तिला विचारून घ्यावे लागे. बाबा हे हसून सांगतात. दर वेळी तितकेसे हसत नाहीत.

गेल्या वर्षी श्रावणात आजी गेली. वैकुंठ स्मशानभूमीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ काठी टेकत आले आणि ओळख करून देताना मला म्हणाले, "मी बाईंचा अकरा नंबर." तेव्हा मला रडू फुटले होते. आज त्याच शब्दांचा एवढा संताप का आला, याचे धड उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणेन की, त्या अकरा आकड्याच्या मागे एक पोर उभे होते आणि ते बाईंना दिसत होते. बहुधा आजच्या बाईंनाही सतरा नंबर दिसत असेल, फक्त लॅपटॉप मिटल्यावर. बहुधा.

घरी आल्यावर ती वही काढली. एका बाजूने पणजोबांचे शेर-अर्धा शेर, उलट बाजूने आजीची नावे. कागद पिवळा पडून कडांना भुगा झाला आहे, पण अक्षर तेच, फळ्यावरचे. वेलांटी पूर्ण वळवलेली. अकराव्या नावापुढे लिहिले आहे, "मामाकडे, कसबा. ताप." इतरांपुढे "आजोळी, सातारा", "पर्वती, काकांकडे", "भेटला. पाटी नाही, दिली." जो सापडला, त्याच्या नावापुढे तिने 'ह' लिहिला आहे. असे चाळीस 'ह' मी आज बोट ठेवून मोजले.

सव्विसाव्या नावापुढे काहीच नाही, गैरहजेरीची फुलीसुद्धा नाही. टाक तिथे टेकून तसाच उचलला असावा, एवढा शाईचा एक ठिपका आहे.