‘डोळे मोठे केले की झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

गमतीदार पात्रं सुचतात कुठून, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही म्हणता, ‘डागांत, झाडांच्या मुळांत चेहरे सगळ्यांनाच दिसतात, त्यात कला कसली? डोळे मोठे करा, गाल गुबगुबीत करा, झालं गमतीदार पात्र. त्यासाठी लिओनार्दो दा विंचीला कशाला मध्ये आणायचं?’ पुढे रंगांबद्दल, लेखाच्या लांबीबद्दल आणि कागदाबद्दलही तक्रारी आहेत.

मत वेगळं असायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती सुराला. लोक ज्या कामात उमेदीची वर्षं घालतात ते एका ओळीत निकालात काढायचं, तर निदान ते होतं कसं हे आधी बघावं. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यावर माझं पोट चालतं. तेव्हा ‘झालं’ म्हणण्याआधी काय काय व्हावं लागतं, ते जरा सविस्तरच सांगते.

डोळ्यांपासून सुरू करू. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने 1943 मध्ये बाललक्षणं मांडली: धडाच्या मानाने मोठं डोकं, उंच फुगीर कपाळ, चेहऱ्यात खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे, गोबरे गाल, आखूड जाड हातपाय. ही लक्षणं दिसली की बघणाऱ्याला माया वाटते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तुमच्या कृतीतून फार तर गोंडस पात्र मिळेल. माझा लेख गमतीदार पात्रांवर होता. गोंडस पात्राला जवळ घ्यावंसं वाटतं. गमतीदार पात्र बघून ‘आता हे काय करणार?’ असं वाटायला हवं. एवढा फरक लेख नीट वाचला असता तर कळला असता.

बरं, गोंडसपणा तरी इतका स्वस्त आहे का? मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. जागा तीच ठेवून नुसता आकार दुप्पट केला की पात्र टक लावून बघायला लागतं आणि मूल पान उलटतं. डोळ्यांची रेषा मध्याच्या खाली उतरवावी लागते, तेव्हा कुठे कपाळ मोकळं होतं आणि वय कमी दिसतं. बुबुळाच्या चारी बाजूंना पांढरं राहिलं तर चेहरा घाबरलेला दिसतो. वरची पापणी बुबुळावर किंचित टेकवली की तोच चेहरा निवांत होतो. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा; एकात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे पडला की नजर तिरळी वाटते.

मग उंची. चित्रकार ती डोक्याच्या मापाने मोजतात. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, वर्षभराचं मूल चार डोकी. गमतीदार पात्रं बहुतेकदा अडीच-तीन डोक्यांत बसवतात. पण त्या मापात हात डोक्याच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. गोष्टीत पात्राला टोपी उचलून नमस्कार करायचा असेल तर तुम्ही अडकलात. मग एक तर डोकं लहान करा, किंवा हात लांब करून त्या लांब हातांनाच पात्राचं वैशिष्ट्य करा. पात्र काय करणार हे आधी ठरतं, डोळ्यांचा आकार नंतर.

आता डागांबद्दल. चेहरा सगळ्यांना दिसतो हे खरंच आहे. आणि नेमका म्हणूनच पहिला दिसलेला चेहरा घ्यायचा नसतो, कारण तो इतर सगळ्यांनाही दिसलेला असतो. मी लेखात दिलेली पद्धत अशी: शाईचा एक थेंब, पाण्याचे तीन-चार थेंब, कागद तिरका करून ओघळ येऊ द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. हाताची मागची बाजू लावून कागद गार लागला तर तो अजून ओला आहे. ओल्यावर पेन फिरवलं की रेष फुटते आणि तिला मुळांसारखे तंतू येतात. वाळल्यावर कागद चारही बाजूंनी फिरवून बघायचा. चेहऱ्याआधी वजन शोधायचं: हा आकार उभा राहिला तर भार कुठे येईल, पाय कुठे असतील, तो कुठल्या बाजूला कलेल? ते ठरलं की टोकदार पेन्सिलीने हलकी खूण, आणि मग वॉटरप्रूफ शाईचं बारीक पेन. शाई वॉटरप्रूफ नसेल तर वरून रंग लावताना रेष विरघळते आणि सगळं राखाडी होतं.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ते डागाच्या कडेने सलग रेघ ओढतात. डागाच्या कडेला काही जागी गडद किनार असते, काही जागी ती विरत गेलेली असते, आणि तिथेच पात्राचा मऊपणा असतो. सलग रेघेने तो मरतो. विरलेली कड तशीच सोडून रेघ फक्त भार जिथे टेकतो तिथे, सांध्यांवर आणि नाकाशी द्यायची.

सांध्यांवरून लिओनार्दोकडे येते, कारण त्याचं नाव शोभेसाठी घेतलेलं नव्हतं. डागाळलेल्या भिंतींकडे बघत राहा, त्यांत डोंगर, लढाया, माणसं दिसतील, हा सल्ला त्याचाच. काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याचा प्रत्येक अवयव खऱ्या प्राण्याचा घ्या, हेही त्याचंच. ड्रॅगनसाठी त्याने मास्टिफ कुत्र्याचं डोकं, मांजराचे डोळे, साळिंदराचे कान, ग्रेहाउंड कुत्र्याचं नाक, पाणकासवाची मान सुचवली होती. डागांचं म्हणाल तर अलेक्झांडर कोझन्स या ब्रिटिश चित्रकाराने अठराव्या शतकात शाईच्या डागांवरून निसर्गचित्रं रचायची रीतसर पद्धत छापली. या पद्धती त्यांच्या आहेत म्हणून त्यांची नावं घेतली. न घेता वापरल्या असत्या तर तुम्हीच मला उचलेगिरीबद्दल धारेवर धरलं असतं.

खरा अवयव का लागतो, ते कोट घातलेल्या बगळ्यावर बघा. बगळ्याच्या पायात मध्यावर जो मागे वळलेला सांधा दिसतो त्याला लोक गुडघा समजतात. तो घोटा आहे. गुडघा वर पिसांत, पोटाशी लपलेला असतो आणि तो पुढेच वळतो. हे माहीत नसलेला चित्रकार बगळ्याला खुर्चीत बसवताना तो सांधा पुढे वळवतो, आणि पक्ष्याचा मुखवटा घातलेला माणूस तयार होतो. घोटा मागे ठेवून बसवलं तर कोटाचं खालचं टोक कुठे येईल, खुर्ची किती उंच लागेल, लांब बोटं कुठे मावतील, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्यांची उत्तरं काढता काढता गंमत येते. ती गालांच्या गुबगुबीतपणातून येत नाही. बेडकाचंही तसंच. त्याच्या मागच्या पायाची घडी मांडी, पोटरी आणि लांबलेला घोटा अशी तीन भागांची असते. घोट्याचा भाग विसरलात तर बेडूक बसतच नाही, नुसता टेकतो.

रंगांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात. तो त्या लेखाचा विषयच नव्हता. लेख लांब झाला म्हणता, तर ज्यांना काम शिकायचंय त्यांना तो लांब वाटलेला नाही. आणि ‘हल्ली सगळे हेच करतात’ यावर काय बोलणार?

कागदाचा मुद्दा मात्र रास्त आहे. जाडी द्यायला हवी होती. डागांसाठी 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्यावा. छपाईचा साधा 80 जीएसएमचा कागद पाण्याने फुगतो, त्याला खळगे पडतात, शाई त्यांत साचते आणि प्रत्येक डाग एकाच जातीचा, गोल गोल येतो. पातळ कागदच हाताशी असेल तर चारही कडा टेपने पाटीला चिकटवा, पाणी निम्मं करा आणि कागद पूर्ण वाळेपर्यंत टेप काढू नका. हे मूळ लेखात आजच घालते आहे.