अख्खा सेट घेणार कोण?

"सेट फोडू नका, अख्खा विकला तर भाव जास्त" हे जुने डिनर सेट विकण्यावरच्या लेखातलं वाक्य आमच्या सोलापुरात तरी चालत नाही हो. सासऱ्यांचा जपानी डिनर सेट, जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे म्हणून काढला, तर येणारा प्रत्येकजण 'एवढ्या प्लेटा काय करू' म्हणून परत. इथे आमटीत भाकरी कुस्करायची तर सपाट प्लेट काय कामाची! शेवटी सुटा विकला, झाकणाचे बाऊल, टीपॉट नि मोठी ओव्हल डिश पटकन गेली, प्लेटा अजून माळ्यावर.

आणि बोन चायनाचा मुद्दा लेखात नाहीच. त्यात जनावरांच्या हाडांची राख असते, त्यामुळे आपल्याकडच्या लिंगायत, जैन घरांत बरेच जण नको म्हणतात, साध्या पोर्सिलेनमध्ये ती नसते. म्हणून जाहिरातीत प्लेटमागच्या शिक्क्याचा फोटो आधी टाका, म्हणजे बोन चायना की पोर्सिलेन ते घेणाऱ्याला बघता येईल. शिक्का 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर घाईत देऊन टाकू नका, तो माल दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता तेव्हाचा, १९५२ पर्यंतचा, जमवणारे शोधत असतात. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात हेही आधीच सांगा, नंतर भांडण नको.