तो कांयच करिना

आमच्या शेजाऱ्यांकडे तीन कुत्रे आहेत आणि एक वाक्य आहे. कुत्रे मोकळे असतात, वाक्य त्यांच्या मागोमाग येतं. ‘तो कांयच करिना.’ म्हणजे तो काही करत नाही. हे वाक्य माझ्या कानावर पडतं तेव्हा मी बहुतेक वेळा विहिरीच्या कठड्यावर उभा असतो, एक चप्पल खाली असते आणि जे करायचं ते करून झालेलं असतं.

आमचं घर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या आसपास. नेमकं कुठे ते सांगत नाही, कारण शेजारी व्हॉट्सॲपवर आलेलं सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तर तीन कुत्रे. शेरूचा बाप जर्मन शेफर्ड होता असं सांगतात. आई आमच्याच वाड्यावरची, तिला मी ओळखत होतो, बिचारी सज्जन होती. ब्रुनो अंगाने पाडा आणि डोक्याने जेमतेम तेवढाच. आणि तिसरा लाडू. लाडू नारळाएवढा आहे, तोही सोललेल्या. पण सगळी योजना त्याची असते. लाडू माणूस हेरतो, शेरू भुंकतो, ब्रुनो धावतो. आपण का धावतोय हे ब्रुनोला अर्ध्या वाटेत आठवत नाही, तेव्हा तो थांबून लाडूकडे बघतो आणि पुन्हा धावायला लागतो.

फाटक आहे. फाटकाला कडी नाही. कडी विकत आणलेली आहे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. मागच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आणली. ती चार स्क्रूंसकट प्लास्टिकच्या पाकिटात, सोप्यावरच्या खिळ्याला लटकते आहे. ‘फाल्यां बसयतां’ असं बाब, म्हणजे आमचे शेजारी, म्हणतात. फाल्यां म्हणजे उद्या. यंदाच्या पावसाळ्यात त्या स्क्रूंना पाकिटातल्या पाकिटात गंज चढताना मी रोज बघितला आहे.

सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. पूर्वी त्याचा भोंगा थेट आमच्या दारात वाजायचा, आता वळणावर वाजतो. तिथून पुढे यायचं तर त्याला जकात द्यावी लागते, प्रत्येक कुत्र्याला एक उंडा, म्हणजे गोल पाव. पाच रुपयांचा एक, असे तीन. पाव घेणारी घरं गल्लीत चार. पोदेराने हिशेब केला आणि वळणावरच थांबायला लागला. आम्ही टोपली घेऊन तिकडे जातो. मोटारसायकलवाला पायलटही वळणावरच उतरवतो आणि भाडं मात्र घरापर्यंतचं घेतो, ‘वाट बघत थांबलो ना, तुम्ही सुखरूप पोचता का ते बघायला,’ म्हणून. मीटर वाचणारा फाटकाबाहेरून मान उंच करून काय दिसेल तो आकडा लिहितो. आमचं विजेचं बिल हे त्यामुळे ललित साहित्य झालं आहे.

उपाय मी सगळे केले. वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, हा आपला पिढीजात उपाय. पण पंचायतीने गल्लीत सिमेंटचे ब्लॉक बसवले आणि दगड संपले, हे लाडूला माझ्या आधी कळलं. मी वाकलो की तो खाली बसून वाट बघतो. छत्री एकदम फटकन उघडली की कुत्रे दचकतात असं कुणी सांगितलं. दचकले. एकदा. जाणकार सांगतात, पळू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, पाठ फिरवू नका. सल्ला योग्य आहे, पण तो एक कुत्रा धरून दिलेला आहे. तीन बाजूंना तीन कुत्रे उभे राहिले की पाठ कुणाकडे तरी असतेच. आणि ती बाजू लाडूने आधीच घेतलेली असते.

मग ती रात्र. आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं, ते आम्हीच करतो, आणि यंदा मी सेनापती आहे. तालीम देवळाच्या मंडपात. साडेदहाच्या सुमारास मी ‘हा देह पडेल, पण हे पाऊल मागे पडणार नाही!’ असं इतक्या जोरात म्हणालो की बाजूला झोपलेला देवळाचा राखणदार उठून बसला. दिग्दर्शकाने पहिल्यांदाच ‘बरं झालं’ म्हटलं. तलवारीची मूठ ढिली झाली होती, ती घट्ट करायला मी घरी घेऊन निघालो. लाकडी तलवार, वर चंदेरी कागद. खांद्यावर टाकून गल्लीत शिरलो.

चंदेरी कागदावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडला असावा. शेरू भुंकला, ब्रुनो धावला, सेनापतीने पाऊल मागे टाकलं. ते पाऊल थेट लाडूवर पडता पडता राहिलं आणि पोटरीला चिमटा बसला. तलवार मी उगारली होती की टाकून दिली होती, याबद्दल माझं आणि बायकोचं एकमत नाही. ती खिडकीत होती.

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. पंधरा मिनिटं हा काळ बोलायला सोपा आहे. रात्री साडेअकराला, धोतराचा काचा वर खोचून, विहिरीपाशी नळाखाली एक पाय धरून उभं राहिलं की कळतो. बाब बॅटरी घेऊन आले आणि उजेड नीट पोटरीवर धरून राहिले. माणूस वाईट नाही.

“चाबूंक ना हो सर,” ते म्हणाले. “दांत लागलो आसतलो.”

लाडू चावला नाही. त्याचा दात लागला. दात लाडूचा, पोटरी माझी, आणि मध्ये कुणाचाच हेतू नाही.

“आणि गोंयांत रेबीज ना आतां,” बाबांनी बॅटरी किंचित हलवत धीर दिला. “पेपरार आयिल्लें.”

पेपरात आलं होतं ते खरं. 2021 मध्ये गोवा हा रेबीज-नियंत्रित घोषित झालेला देशातला पहिला प्रदेश ठरला. जाळी घेऊन येणारी लसीकरणाची माणसं आमच्याही वाड्यावर येतात आणि टोचलेल्या कुत्र्यांच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात. शेरू तर दोन आठवडे टिळा लावलेला भटजी दिसत होता. पण दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की नियंत्रित म्हणजे संपला नव्हे, आणि लस घ्यायचीच.

“रक्त आलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग दुसरी श्रेणी.”

मला उगीच वाईट वाटलं. सेनापतीची जखम, आणि दुसऱ्या श्रेणीची. रक्त आलं असतं तर तिसरी लागली असती आणि जखमेतच आणखी एक इंजेक्शन, हे ऐकल्यावर दुसरी श्रेणी एकदम आवडायला लागली. लस दोन्ही दंडांत, दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. शून्यापासून मोजणारं खातं मी पहिल्यांदाच बघितलं. सातव्या दिवशी रंगीत तालीम होती.

जाता जाता बाईंनी सांगितलं, “कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. धडधाकट राहिला तर उत्तम.”

इथून माझे दिवस फिरले. ज्याने दात लावला त्याच्या आयुष्यासाठी मी देवाला हात जोडायला लागलो. सकाळी उठलो की आधी भिंतीवरून डोकावून, “बाब, लाडू जेवला?” दुपारी शाळेतून फोन, “लाडू पाणी पितोय ना?” चौथ्या दिवशी तो जरा गप्प वाटला, तर मला रात्रभर झोप नाही. एरवी तो भुंकला की मी शिव्या घालायचो. त्या दिवशी पहाटे चारला भुंकला तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो आणि बायकोला हलवून म्हणालो, “ऐकलंस? खणखणीत आहे!” सहाव्या दिवशी त्याने माझी दुसरी चप्पल नेली. मी नेऊ दिली.

बाबांचे डोळे पाणावले. “सर, तुमचो कितलो जीव हो ताचेर,” असं म्हणून त्यांनी दहाव्या दिवशी शहाळी पाठवली.

हीच तर अडचण आहे. भांडायचं कुणाशी? माझ्या आईला मध्यरात्री इस्पितळात नेलं ते ह्याच माणसाने, स्वतःच्या गाडीतून, लुंगीवर. मे महिन्यात मानकुराद आंब्यांची पहिली परडी त्यांच्याकडून येते, आणि त्या दिवसांत मानकुरादचा भाव विचारायलाही छाती लागते. चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधताना मी शिडीवर आणि शिडी धरायला तेच.

तरी त्या अठ्ठावीस दिवसांत मी पंचायतीसाठी एक अर्ज लिहून ठेवला. कोणत्या भाषेत लिहावा यावर एक संध्याकाळ गेली. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने राजभाषा कोंकणी, आणि मराठीचाही वापर सरकारी कामकाजात करता येतो. मी मराठी निवडली, कारण ‘सदर’ हा शब्द मला हवा होता. ‘सदर प्राणी रात्रंदिवस मोकाट सोडण्यात येत असून, त्यांच्या आवाजामुळे व वर्तनामुळे रहिवाशांचे जिणे मुश्कील झाले आहे. सदर प्राण्यांनी चावे घेतल्याचेही प्रकार घडले आहेत.’ खाली कायदा. प्राणी पाळून निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हाच दंड हजार रुपयांपर्यंत होता. बायकोने अर्ज वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, “अहो, आणि शिडी कोण धरणार?”

अर्ज टेबलाच्या खणात गेला.

परवा संध्याकाळी बाब घरी आले. मागून तिघेही. शेरू दारात बसला, ब्रुनो दाराला धडकला, लाडू सरळ टेबलाखाली, माझ्या पायाशी. मी पाय हळूच खुर्चीवर घेतले.

“सर, एक अर्ज बरोवन जाय आशिल्लो,” ते म्हणाले. “पंचायतीक. तुमचें मराठी बरें, नेटान बरयात.”

मागच्या घरातला कोंबडा रात्री तीनला आरवतो. बाबांची झोप होत नाही. रक्तदाब वाढला.

“त्यांच्याशी बोलून बघितलंत?” मी विचारलं.

“उलयलों मरे. तीनदां उलयलों.” बाब दुखावलेले दिसले. “ते म्हणटात, तो कांयच करिना.”

मी खण उघडला. तीन कुत्रे खोडून तिथे एक कोंबडा लिहिला. ‘सदर’ होतं तिथेच राहिलं. कलमही राहिलं. मग बाबांना वाचून दाखवलं आणि चाव्यांच्या ओळीवर थांबलो. ती काढू का, म्हणून विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला.

“आसूं दी,” ते म्हणाले. “वजन येता.”