दहा लाखांत एक अणू: फेज बिघडण्यावरच्या आक्षेपांना उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. नव्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. मागच्या लेखाचा विषय होता धातूच्या बारीक, विस्कळीत (अणूंची रचना सरळ नसलेल्या) तारांमधल्या इलेक्ट्रॉनची फेज, म्हणजे त्याच्या लहरीची लय. तापमान उतरवत नेलं की ती अधिकाधिक काळ टिकायला हवी. १९९७ मध्ये मोहंती, जारीवाला आणि वेब यांना सोन्याच्या तारांत हा काळ एका मर्यादेपुढे वाढताना दिसला नाही. याचं कारण बहुतेक ठिकाणी चुंबकीय अशुद्धी (धातूत मिसळलेले थोडे चुंबकीय अणू) निघालं, असं मी लिहिलं होतं. आपले आक्षेप तीन आहेत. शून्य-बिंदू दोलनं (क्वांटम नियमांमुळे विद्युतक्षेत्रात कायम राहणारी थरथर) शून्य केल्विनलाही चालू असतात, मग ती फेज का बिघडवणार नाहीत? गोलुबेव आणि झाइकिन यांचं १९९८ चं सूत्र, ज्यात या दोलनांमुळे शून्य तापमानालाही फेज बिघडते, बऱ्याच नमुन्यांच्या आकड्यांवर बसतं, ते मी एका वाक्यात निकालात काढलं. आणि ‘न दिसणारी अशुद्धी’ ही सबब कुठेही चिकटवता येते, ९९.९९९९ टक्के शुद्ध तांब्यातही फेजचा काळ अडकतोच (वाढायचा थांबतोच) की.

आधी माझी चूक. ‘शून्य केल्विनला सगळं थंडावतं, म्हणून फेज बिघडवणारं काही उरत नाही’ हे वाक्य चुकीचं होतं आणि ते मी लेखातून काढलं आहे. विद्युतक्षेत्राची शून्य-बिंदू दोलनं खरीच आहेत. एकटा कण अशा दोलनांच्या संगतीत ठेवला तर शून्य तापमानालाही त्याची फेज ढासळू शकते. फर्मी पातळीच्या (शून्य तापमानाला इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या जागांच्या वरच्या कडेच्या) बऱ्याच वर असलेला इलेक्ट्रॉनही शून्य तापमानाला ऊर्जा सोडून फेज गमावतो. पण तारेचा रोध मोजताना हिशेब फर्मी पातळीजवळच्या इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि त्यांच्याखालच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. वादाचा गाभा इथेच आहे.

गणितात ते असं दिसतं. क्षेत्राच्या दोलनांमधून कॉथ हे हायपरबोलिक फल येतं आणि पाउलीच्या नियमातून (एका जागेत एकच इलेक्ट्रॉन) टॅनएच हे दुसरं. फर्मी पातळीवरच्या इलेक्ट्रॉनसाठी फेज बिघडण्याच्या दरात या दोघांची वजाबाकी बसते. दोलनाची ऊर्जा भागिले तापमानाची ऊर्जा हे गुणोत्तर १ घ्या (फलांत त्याचं अर्ध घालायचं): कॉथ २.१६, टॅनएच ०.४६, फरक १.७०. गुणोत्तर ५ घ्या: १.०१४ वजा ०.९८७, फरक ०.०२७. गुणोत्तर १० घ्या: फरक ०.०००१८. म्हणजे तापमानापेक्षा जास्त ऊर्जेची दोलनं, ज्यात शून्य-बिंदूचा जवळजवळ सगळा वाटा असतो, कापली जातात. ती नाहीशी होत नाहीत. फक्त त्या दोलनांना ऊर्जा द्यायची तर इलेक्ट्रॉनला खाली मोकळी जागा हवी, आणि ती नसते.

गोलुबेव-झाइकिन पाउलीचा नियम विसरले होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या पथ-समाकलात (सगळ्या शक्य मार्गांची बेरीज करण्याच्या पद्धतीत) तो होता. अडचण त्याहून बारीक होती, आणि ती नेमकेपणाने मांडली फॉन डेल्फ्ट, मार्क्वार्ट, स्मिथ आणि कॉर्नेलचे विनय आंबेगावकर यांनी, २००७ मध्ये. इलेक्ट्रॉनने दोलनाला ऊर्जा दिली की त्याची स्वतःची ऊर्जा तेवढीच घटते, तेव्हा टॅनएचमध्ये घटलेली ऊर्जा घालायला हवी. मूळ हिशेबात तिथे न घटलेलीच राहिली होती. फर्मी पातळीवर न घटलेली ऊर्जा म्हणजे शून्य, आणि शून्याचा टॅनएच शून्य. वजा करायला काही उरलं नाही, एकटा कॉथ मागे राहिला, आणि तापमान शून्याकडे गेलं तरी त्याची किंमत १ च्या खाली जात नाही. सूत्रातलं शून्य तापमानाचं डिकोहिअरन्स (फेज बिघडणं) इथून आलं. ऊर्जा देताना इलेक्ट्रॉनला बसणारा हा धक्का धरून हिशेब केला की १९८२ चा आल्टशुलर, आरोनॉव आणि ख्मेलनित्स्की यांचा निकाल परत मिळतो: बारीक तारेत फेजचा काळ तापमानाच्या उणे दोन तृतीयांश घाताने वाढत जातो. आल्टशुलर, आलाइनर आणि गेर्शेन्सन यांनी हीच वजाबाकी १९९९ च्या सुमारास दाखवली होती. पण दोन्ही बाजूंच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे वाद मिटला नव्हता. फॉन डेल्फ्ट मंडळींनी गोलुबेव-झाइकिन यांच्याच पद्धतीच्या आत शिरून जागा दाखवली. म्हणून मी हा मुद्दा बहुमताचा किंवा मोठ्या नावांचा मानत नाही.

आता आपला तिसरा आक्षेप, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अशुद्धीची सबब खरी की सोयीची, हे आकड्यांनीच ठरेल, म्हणून एक तार घेऊ. चांदीची, १३५ मायक्रॉन लांब, ६५ नॅनोमीटर रुंद, ४५ नॅनोमीटर जाड, रोध १४४० ओहम. रोध आणि आकारावरून विसरण गुणांक (इलेक्ट्रॉन किती वेगाने पसरतात त्याचं माप) निघतो सेकंदाला सुमारे १२० चौरस सेंटिमीटर. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींचा १९८२ चा दर १ केल्विनला दर नॅनोसेकंदाला ०.५६ येतो, आणि ४० मिलिकेल्विनला ०.०६५. म्हणजे फेज सुमारे १५ नॅनोसेकंद टिकायला हवी, आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन साधारण १४ मायक्रॉन पसरतो.

या तारेत दर दहा लाख अणूंमागे एक मॅंगनीजचा अणू टाका. अख्ख्या तारेत असे २३,००० च्या आसपास अणू होतील, आणि फेज टिकते त्या १४ मायक्रॉनच्या तुकड्यात सुमारे २,३००. अशा अणूला स्पिन (सूक्ष्म चुंबकत्व) असतो, आणि इलेक्ट्रॉन आदळला की तो उलटू शकतो. कोंडो तापमानाला (ज्याच्या खाली इलेक्ट्रॉन अणूचा स्पिन झाकून टाकतात) या स्पिन-उलटणाऱ्या टकरींचा जोर सर्वाधिक असतो आणि १ पीपीएमला (दहा लाखांत एक) फेजचा काळ ०.६ नॅनोसेकंदावर येतो. चांदीतल्या मॅंगनीजचं कोंडो तापमान सुमारे ४० मिलिकेल्विन, म्हणजे मोजमापाच्या ऐन तळाशी. ०.१ पीपीएम घेतलं तरी ६ नॅनोसेकंद, टकरींच्या १५ नॅनोसेकंदांपेक्षा निम्म्याहून कमी. शिवाय हा दर कोंडो तापमानाच्या आसपास तापमानाबरोबर फार हळू बदलतो. आलेखावर त्याची सपाट पठारासारखी रेषा दिसते आणि ती ‘मूलभूत मर्यादा’ वाटू शकते.

‘मग रोधात कोंडोचा चढ का दिसला नाही?’ हे आपण विचारलंत; चुंबकीय अणूंमुळे थंडीत रोध थोडा वाढतो, तो हा चढ. इतक्या कमी प्रमाणात तो दिसणं कठीण असतं. बारीक तारेत इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन परस्परक्रियेमुळे रोध तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्तात वाढतो, आणि एका पीपीएमचा लॉगरिदमी चढ त्याखाली झाकला जातो. रोधापेक्षा फेजचा काळ कितीतरी जास्त संवेदनशील मापक आहे. थोड्या पीपीएमसाठी रोधाचा पुरावा मागणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर केशर तोलण्यासारखं.

तरीही ‘दिसत नाही, पण आहे’ एवढ्यावर मी थांबलो असतो तर आपला आक्षेप योग्य ठरला असता. दोन स्पष्टीकरणं वेगवेगळं भाकीत करतात तिथे बघायला हवं. गोलुबेव-झाइकिन सूत्रात विसरण गुणांक, वाहकता आणि आकार येतात; पीपीएम कुठेच येत नाही. फ्रान्समधलं साक्ले आणि अमेरिकेतलं मिशिगन स्टेट इथल्या गटांनी २००३ मध्ये ९९.९९९ टक्के आणि ९९.९९९९ टक्के चांदीच्या तारा तुलनेला घेतल्या. विसरण गुणांक जवळपासचे, बनवण्याची रीत तीच. कमी शुद्ध चांदीत काळ अडकला. जास्त शुद्ध चांदीत तो ४० मिलिकेल्विनपर्यंत उणे दोन तृतीयांश घाताने वाढत राहिला. मग शुद्ध चांदीच्या तारांत आयन-रोपणाने (आयनांचा मारा करून) ०.३ आणि १ पीपीएम मॅंगनीज घातलं, तर काळ कोसळला, आणि आकड्यांवरून काढलेली मात्रा रोपलेल्या मात्रेशी जुळली. विस्कळितपणा तोच, फक्त पीपीएम बदलला. एकाच नमुन्यावर सूत्र बसवून दाखवण्यापेक्षा या तुलनेला मी जास्त वजन देतो.

तांब्याबद्दल आपण बरोबर आहात. अतिशुद्ध तांब्याच्या तारांतही काळ अडकला होता, आणि संशय पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमधल्या चुंबकीय स्पिनवर गेला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पुरावा २००२ मध्ये पियेर आणि बर्ज यांच्या तांब्याच्या कड्यांमधून आला. तारेच्या चुंबकरोधातून (चुंबकीय क्षेत्राने रोधात होणाऱ्या बदलातून) फेज मोजायची तर मोठं क्षेत्र लावता येत नाही. वर हिशेबाला घेतलेल्या तारेत ०.७ मिलिटेस्लाच्या आसपासच परिणाम पुसला जायला लागतो. कड्यातली आहारोनोव-बोम दोलनं (चुंबकीय क्षेत्र बदलताना रोधात ठरावीक अंतराने होणारी वरखाली) मात्र १ टेस्लालाही टिकतात. १ टेस्लाला मोकळा स्पिन उलटवायला १.३ केल्विनइतकी ऊर्जा लागते. ४० किंवा १०० मिलिकेल्विनला ती कुठून येणार? स्पिन गोठतात. क्षेत्र वाढवलं तशी दोलनं मोठी होत गेली, आणि तापमान जास्त तिथे क्षेत्रही जास्त लागलं. शून्य-बिंदू दोलनांचा हा गुण नाही. १ टेस्लाने ती शमत नाहीत.

मोजमापातल्या चुकांचं आपण ओझरतं विचारलंत. इथे बऱ्याच जणांचा घात होतो. ४० मिलिकेल्विनला तापमानाची ऊर्जा इलेक्ट्रॉनला ३.४ मायक्रोव्होल्टमधून मिळणाऱ्या ऊर्जेएवढी असते. तारेच्या दोन टोकांत त्याहून जास्त व्होल्टेज पडलं की इलेक्ट्रॉन तापतात, मग फ्रिजचा तापमापक काहीही दाखवो. १४४० ओहमला याचा अर्थ प्रवाह साधारण २.४ नॅनोअँपिअरच्या आत. चुंबकरोधातला बदल अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे १७ नॅनोव्होल्ट. तो एका टक्क्याने अचूक हवा असेल तर १ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ-हर्ट्झ गोंगाटाच्या प्रवर्धकाला दर बिंदूमागे अर्धा मिनिट सरासरी घ्यावी लागते. घाई करून प्रवाह वाढवला की पठार आपोआप ‘सापडतं’. खोलीतून जोडणीच्या तारांवाटे येणाऱ्या सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) तर इलेक्ट्रॉन फारसे न तापवताही फेज बिघडवू शकतात. म्हणून थंड टप्प्यावर गाळण्या हव्यातच, आणि प्रवाह निम्मा करून तोच आलेख परत काढायला हवा. रोधाचा तो वर्गमुळी चढ तळापर्यंत चालू राहतो का, हेही तपासायचं. तो अडकला तर इलेक्ट्रॉन थंडच झालेले नाहीत आणि पुढची चर्चा व्यर्थ.

एक जागा मात्र मी मोकळी ठेवतो. चांदी-सोन्याच्या चांगल्या वाहक तारांत वाद संपला असं मी म्हणेन. सोने-पॅलेडियमसारख्या फार विस्कळीत मिश्रधातूंत काळ अडकलेला दिसतो, आणि तिथे अशुद्धी एकटी पुरते असं मी म्हणणार नाही. दोन जागांत हेलकावणाऱ्या अणूंची भूमिका असू शकते. मागच्या लेखातल्या माझ्या वाक्यात ‘सर्व धातू’ होतं, ते आता ‘कमी विस्कळीत, शुद्ध धातूंच्या तारा’ असं केलं आहे. आपण जोडलेल्या आलेखात फेजचा काळ आहे, पण त्याच तारेच्या रोधाचा तापमानाबरोबरचा आलेख आणि मोजताना वापरलेला प्रवाह नाही. ते दोन आकडे पाठवाल का? वर केलेला हिशेब आपल्या तारेसाठी लगेच करून इथेच मांडतो.